कोमट पाणी

"मम्मी, भाजत नाही का तुला?" चैतालीनं असं विचारलं तेव्हा माझ्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पाणी भरलेल्या चहाच्या कपात बुडालेली होती, आणि मी खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या हॉटेलच्या चादरी बघत होते. तिनं स्वतःचं बोट पाण्याला लावून झटकन मागं घेतलं होतं आणि आता ती ते फुंकत होती. "अगं, कढत आहे हे. तू कशी काय धरून बसलीयस?" मी म्हटलं, "भाकऱ्या थापून थापून हाताला काय राहिलंय आता." हे उत्तर इतकं पटकन आलं की माझं मलाच नवल वाटलं. बोटं बाहेर काढली तर दोन्ही लाल झालेली. उजव्या हातानं धरून बघितली. उजव्या हाताला ती गरम लागली. त्या दोन बोटांना स्वतःला काहीच लागलं नाही. पाण्यात गेली तेव्हा मला कळलं होतं, म्हणजे तसं मला वाटलं होतं, पण ते बघून कळलं की लागून कळलं, हे कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. चैताली म्हणाली, "सॉरी गं, गीझरचं जास्त पडलं," आणि कप घेऊन मोरीकडं गेली. मी खुर्चीतच बसून राहिले. मी चादरींकडंच बघत होते.

चैताली माझी एकुलती एक. बारावी झाली, पुढं शिकायचं नाही म्हणाली, घरात आठ दिवस अबोला झाला, आणि नवव्या दिवशी बाई मोबाईलवर बघून नखं रंगवायला लागल्या. लोणावळ्याच्या बाजारात एका पार्लरवालीनं नखांचं वेगळं काउंटर काढलंय. तिनं सांगितलं, शनिवारी ये, दहा नखं वॉटर मार्बल करून दाखव, जमलं तर सोमवारपासून कामाला. मग काय, आमचं स्वयंपाकघर म्हणजे पार्लर आणि मी गिऱ्हाईक. डाव्या हाताची नखं तिनं मला महिनाभर कापू दिली नाहीत. लोकांना नखं कापा म्हणून सांगत फिरणारी बाई मी, आणि डावा हात पदराखाली लपवून फिरत होते. काम तसं बघायला सोपं. कपात पाणी घ्यायचं, वरून नेलपेंटचा एक थेंब सोडायचा, तो पसरतो. त्याच्या मध्यावर दुसऱ्या रंगाचा, परत पहिल्याचा, अशी वलयं होतात. टाचणीनं त्यात रेघा ओढल्या की पाकळ्या दिसायला लागतात. नखाभोवती कातडीला चिकटपट्टी लावून बोट त्या पाकळ्यांवर आडवं टेकवत खाली न्यायचं आणि तसंच पाण्यात धरून ठेवायचं. वर उरलेला पापुद्रा काडीनं गुंडाळून काढला की मगच बोट वर, नाहीतर नक्षीवर डाग पडतो. सगळी गंमत पाण्याची. ते ना गार हवं ना गरम. मोबाईलवरची बाई म्हणत होती रूम टेम्परेचर, आणि आमच्या कुसगावात जानेवारीत टाकीच्या पाण्यात थेंब सोडला की तो पसरायचा सोडून गोळी होऊन तळाला जात होता. म्हणून ती गीझरचं मिसळायला लागली. तीन दिवस अंदाज चुकत होता, कधी गार, कधी कढत. त्या रविवारी चुकला तो असा.

मी आशा सेविका आहे, आरोग्य केंद्राची. गावात मला माधवीताई म्हणतात. सांगायचं एवढ्यासाठी की दुसरी कुठली बाई असती तर तिनं हात झटकला असता आणि कणीक मळायला घेतली असती. मला शब्द माहीत होता. कढत पाणी न कळणं, चटका न कळणं, करंगळी आणि शेजारचं बोट बधिर असणं, हे सगळं माझ्याकडच्या रंगीत चित्रांच्या पुस्तकात ओळीनं छापलेलं आहे आणि ते मी दारोदार उघडून दाखवते. कुष्ठरोग म्हणायचं, महारोग म्हणायचं नाही, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. त्या दुपारी माझ्या मनात जो शब्द आला तो शिकवलेला नव्हता. दुसऱ्याही कारणांनी बोटं बधिर होतात हो, मानेची शीर दबते, साखर असते, कोपरावर टेकून झोपायची सवय असते, हेही मीच लोकांना सांगते. एक-एक कारण घेऊन मी मनातल्या मनात स्वतःला समजावत होते आणि प्रत्येक वेळी मन म्हणत होतं, बरं, आणि? मी भित्री बाई नाही. कोरोनात माणसं दारं लावून बसली होती तेव्हा मी दारं वाजवत फिरले. पण त्या संध्याकाळी भात टाकताना माझी ती दोन बोटं वेगळी, परक्या कुणाची असल्यासारखी वाटत होती. करंगळीच्या कडेला फोड आला होता. तो मी बघितला तेव्हा कळला. वर पट्टी लावली. कैलास, माझा नवरा, रिसॉर्टच्या लाँड्रीत असतो; तो आला आणि म्हणाला काय झालं, तर म्हटलं कुकरची वाफ. दिवसातली दुसरी थाप.

सुदुंबरे माझं आजोळ. तिथं आईचे चुलते होते, रखमाजीआबा. विहिरीच्या पलीकडं बांधाला त्यांचं खोपटं होतं आणि सुट्टीत गेले की त्यांचं जेवण पोचवायचं काम माझ्याकडं असायचं, कारण मोठी माणसं जायला नको म्हणायची आणि पोरांना काही कळत नाही असं सगळ्यांना वाटायचं. ॲल्युमिनियमची थाळी दगडावर ठेवायची आणि मागं व्हायचं. "पोरी, म्होरं नगं यिऊ. तितंच ठिव," आबा म्हणायचे. आवाज गोड होता त्यांचा. एकदा मी थाळी ठेवली तेव्हा ते उन्हात बसून बिडी ओढत होते आणि माझ्याशी बोलत होते, आमच्या शेरडाला किती पिल्लं झाली वगैरे, आणि मला एक वास आला. मटणाच्या दिवशी चुलीवर येतो तसला. मी म्हटलं, "आबा, तुमचं बोट जळतंय." त्यांनी हाताकडं बघितलं. घाई काही केली नाही. "व्हय का? मला न्हाई कळलं," असं म्हणून बिडी टाकली आणि हसले. ते हसणं मी कधीच विसरले नाही. पोराकडून काही चुकलं की ते झाकायला मोठं माणूस हसतं, तसं ते होतं. तिसरीत असताना आजोळी गेले तर खोपटं नव्हतं. आई म्हणाली आबा वारले. मग माझ्या हळदीच्या दिवशी कुणीतरी दारात येऊन आजीच्या कानात सांगितलं की रखमाजी वारला, महारोग्यांच्या आश्रमात, गेल्या आठवड्यात. मी आईला म्हटलं, ते तर मागंच गेले ना? आई म्हणाली, "हळू बोल." म्हणजे बारा-तेरा वर्षं माणूस जिवंत होता, जेवत होता, कुणाला तरी शेरडाच्या पिल्लांबद्दल विचारत असेल, आणि आमच्याकडं तो मेलेला होता. त्या रविवारी रात्री जेवताना कैलासनं मला पाणी मागितलं आणि मी तांब्या त्याच्या हातात न देता खाली ठेवून सरकवला. दगडावर थाळी ठेवायचे तसा. त्याच्या लक्षातही आलं नाही.

आता म्हणाल, बाई, तुलाच तर सगळं माहीत आहे, गोळ्या आहेत, फुकट आहेत, सहा महिने नाहीतर बारा महिने घेतल्या की माणूस ठणठणीत, पहिल्या डोसपासूनच लागण थांबते. तेच तर. हे मला इतकं पाठ आहे की झोपेतून उठवलं तरी म्हणेन. मळवलीला एका बंगल्याची राखण करणारी शालूबाई आहे, तिच्या पाठीवरचा चट्टा मीच शोधला होता. "ताई, ह्यो डाग लय दिसांचा हाय. दुखत न्हाई, खाजत न्हाई, कशापायी तरास घेता?" ती म्हणाली. मी म्हटलं, "न दुखणाराच बघायचा असतो, मावशी." तिला दवाखान्यात मीच नेलं. बारा महिने दर महिन्याला गोळ्यांचं पाकीट मीच पोचवलं. एकदा तिनं विचारलं, "तुमच्या घरात आसतं तर तुमी सांगितलं आसतं का?" आणि मी ताडकन म्हटलं, "पहिल्या दिवशी." शाबासकी मिळाली मला त्या केसबद्दल, मीटिंगमध्ये टाळ्या झाल्या. पण त्या बारा महिन्यांत शालूबाईच्या घरचा चहा मी एकदाही घेतला नाही. आज उपास आहे म्हणायचे. सोमवारी उपास, गुरुवारी उपास, मधल्या वारी पित्त. ती बिचारी म्हणायची, "लय देवाधर्माच्या हाव ताई तुमी." हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या दारात लोक कसे वागतील याची मला कल्पना करावी लागत नव्हती. मी स्वतः तशी वागले होते, हसऱ्या तोंडानं, आणि मला तर शास्त्र माहीत होतं. ज्यांना माहीत नाही ते काय करतील?

आणि अजून एक. दरवर्षी घरोघरी तपासणी असते. माझ्याकडं दोनशे चाळीस घरं. प्रत्येक माणसाला उजेडात उभं करून पाठ, दंड, कोपर बघायचं, बायकांना मी बघायचं, पुरुषांना माझ्याबरोबरच्या पुरुष कार्यकर्त्यानं. शेवटचं घर माझं स्वतःचं असतं. तोवर पाय गेलेले असतात. चार वर्षं झाली, मी ओट्याशी उभी राहून एका हातानं आमटी ढवळत तीन नावं लिहायची आणि पुढं लिहायचं, निरंक. कैलासचा सदरा कधी काढायला लावला नाही, चैतालीला हाक मारली नाही, स्वतःचं तर काय बघायचं. सगळ्याच आशा असंच करतात, मी विचारलंय. गावाचं बघणारीच्या घरात काय निघणार, असं आपलं गृहीत. सोमवारी दुपारी घरात कुणी नसताना मी दार लावून घेतलं आणि करंगळीची शीर जिथून जाते ती डाव्या कोपराच्या मागची बाजू बघायचा प्रयत्न केला. मान वळेना, आरसा पुरेना. शेवटी चैतालीचा जुना मोबाईल मागं धरून फोटो काढला. फोटो निघाल्याचा आवाज आला. आणि मग तो मी बघितलाच नाही. डिलीट केला, नंतर जिथं डिलीट झालेले फोटो राहतात तिथूनही काढून टाकला, आणि मोबाईल पालथा ठेवून त्याच्याकडं बघत बसले.

मंगळवारी एका बाळंतिणीकडं सातव्या दिवसाची भेट होती. बाळाचं वजन घ्यायचं असतं, झोळीत घालून काटा वर धरायचा. बाळाच्या आजीनं ते माझ्या हातात दिलं आणि त्यानं माझी करंगळी मुठीत पकडली. बाळं पकडतातच. त्याची मूठ मला दिसत होती. आजी म्हणाली, "बघा, सोडंना तुमाला." मी हसले.  त्या इवल्या मुठीचं दडपण मला लागत नव्हतं, अजिबात नाही, आणि मी वजन सांगितलं ते चुकीचं सांगितलं, परत बघावं लागलं. परत येताना रस्त्याच्या कडेला थांबून मी पदराच्या टाचणीनं करंगळीला टोचून बघितलं. लागलं असं वाटलं. परत टोचलं, नाही वाटलं. आपणच टोचायचं म्हटलं की आधीच माहीत असतं, मन मध्ये येतं, हो म्हणायचं असेल तर हो म्हणतं. ह्या तपासणीला दुसरं माणूस लागतं. दुसरं माणूस म्हणजे कोण? केंद्रातल्या सिस्टर? त्यांना कळलं की संध्याकाळी सगळ्या आशांना कळलं. कैलास? तो एका अक्षरानं बोलणार नाही आणि बिछाना बाहेरच्या खोलीत घालेल, झोपमोड होते म्हणून. असं मला वाटत होतं. वीस वर्षं संसार केलेल्या माणसाबद्दल मी असं का समजत होते, मला माहीत नाही. भीतीनं माणूस आपल्याच माणसांबद्दल वाईट विचार करायला लागतं, हे मी त्या तीन दिवसांत शिकले.

बुधवारी चैतालीनं परत कप मांडले. पाणी तिनं आता जमवलं होतं. फिल्टरचं पाणी आदल्या रात्रीच बाटलीत भरून देव्हाऱ्याशेजारी ठेवायचं, सकाळपर्यंत ते खोलीच्या मानानं येतं. निळा थेंब टाकला तर झकास पसरला, पांढरा त्याच्या पोटात गेला, परत निळा. ती स्वतःवरच खूष होती. तिची स्वतःची डाव्या हाताची पाच नखं सकाळीच करून झाली होती, निळी-पांढरी, आणि खरं सांगते, सुंदर दिसत होती. पोरीच्या हातात कला आहे. "आण हात," ती म्हणाली. मी उजवा पुढं केला. "डावा. उजव्याची नखं कुठायत तुला?" मी म्हटलं, डाव्याला भाजलंय. "ती पट्टी किती दिवसांची आहे? काळी झालीय," असं म्हणत तिनं माझा हात ओढला, पट्टीचं टोक नखात धरलं आणि जोरात खेचली. तिला वाटलं असेल एकदाच काय ते दुखू दे. मी त्या वेळी कपात बघत होते, पांढऱ्या वलयाची कड हळूहळू सुरकुतत होती. चैताली बोलेना म्हणून मी मान वर केली. पट्टीला कातडीचा तुकडा चिकटून आला होता आणि करंगळीची कड सगळी ओली, लाल, उघडी पडली होती. "मम्मी," ती म्हणाली, "तू ओरडली पण नाहीस."

मी म्हटलं असतं काहीतरी. थापा आता सवयीनं येत होत्या. पण ती उठली आणि दाराच्या खुंटीवरची माझी कामाची पिशवी घेऊन आली. आधी तिनं जखम पुसली, मलम लावलं, कापडाची स्वच्छ पट्टी बांधली, सगळं माझं बघून-बघून शिकलेलं. मग कापसाची बारीक वात वळली. पाचवीत असल्यापासून ही पोरगी शाळा सुटली की माझ्यामागं घरोघरी फिरलीय. माझं बोलणं तिला माझ्याइतकंच पाठ आहे. समोर बसली आणि म्हणाली, "डोळे मिट. मी कापूस टेकवला की कुठं टेकवला ते दुसऱ्या हातानं बोट ठेवून दाखव." तिचा आवाज माझ्यासारखा आला. मी म्हटलं, "काहीतरीच काय." ती म्हणाली, "मिट."

मी डोळे मिटले. शेकडो लोकांची ही तपासणी मी केली असेल आणि फसवणारं माणूस मला तोंडावरून कळतं, पापणी थरथरते आणि श्वास धरून ठेवतात. त्यांना मी रागावते. त्या दिवशी मी पापण्यांत केसभर फट ठेवली. कुणी ठरवून केलं म्हणेल, पण ठरवलं नव्हतं, भीतीनं ठेवली. कापूस अनामिकेच्या पेरावर आला, मी बोट ठेवलं. "इथं." तळहाताच्या कडेला आला. "इथं." पट्टीच्या खाली, करंगळीच्या मुळाशी आला. "इथं." काही लागत नव्हतं, एकदाही नाही, पण प्रत्येक "इथं"बरोबर मला वाटत होतं की बघ, जमतंय, असंच शनिवारपर्यंत, असंच पुढच्या तपासणीपर्यंत, असंच जन्मभर जमेल. चौथ्यांदा कापूस अनामिकेवर आला. "इथं," मी म्हटलं.

"मम्मी, मी टेकवलाच नव्हता," चैताली म्हणाली. "नुसता वर धरला होता."

मी डोळे उघडले. ती रडत नव्हती. घाबरली होती, तिचे ओठ पांढरे पडले होते, आणि तरी कापूस तिनं चिमटीत तसाच धरून ठेवला होता. मला तिच्यासमोर जितकी लाज वाटली, तेवढी आयुष्यात कुणासमोर वाटली नसेल. "तुझी ओढणी आण," मी म्हटलं. "डोळ्यांना बांध. घट्ट बांध." तिनं बांधली. ओढणीला नेलपेंटचा उग्र वास होता. अंधारात मला एक्स्प्रेस वेची घरघर ऐकू येत होती, शेजारच्या घरात कुणी लसूण ठेचत होतं. मी वाट बघत बसले. बराच वेळ गेला असं वाटलं. "लाव की," मी म्हटलं. ती म्हणाली, "लावतेय." मग नाक ओढल्याचा आवाज आला. मी विचारलं, "किती वेळा लावलास?" "सात वेळा."   मी म्हटलं, "आता बोटाच्या टोकापासून मागं मागं ये. कळेल तिथं मी सांगते." आणि ती येत राहिली असणार, कारण एकदम मनगटाच्या वर कापूस लागला. इतका मऊ लागला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "इथं," मी म्हटलं. ह्या वेळी खरं होतं. तिनं तिथं पेनानं रेघ मारली. मग माझी बाही वर सारून कोपराच्या मागं बघितलं, आणि बघत राहिली. "आहे का?" मी विचारलं. "आहे," ती म्हणाली. "तीन बोटांएवढा. पांढुरका." बाही खाली करत म्हणाली, "उद्या सकाळी आपण दवाखान्यात जाऊ. मी येते. गोळ्या घेतल्या की होतं बरं, तूच सांगतेस ना," आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिला वाटत होतं, झालं, कळायचं ते कळलं. घरात एका माणसाला निघालं की त्या घरातल्या सगळ्यांना बघायचं असतं, हे ती विसरली होती. मी ओढणी सोडली. उजेडात तिचा हात माझ्या खांद्यावर होता, निळ्या-पांढऱ्या नखांचा, अठरा वर्षांचा. तो मी खाली घेतला, टेबलावर पालथा ठेवला, पिशवीतून नवा कापूस काढला आणि म्हटलं, "आता तू डोळे मिट."